सॉफ्टवेअरचा अंगरखा : विनॅम्पच्या ‘स्किन’ची घडण

संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला दोन अंगे असतात. एक काम करणारे आणि दुसरे दिसणारे. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचे उदाहरण घेतले, तर एमपीथ्री फाईल उलगडून तिचे ध्वनीत रूपांतर करणे हे पहिल्या अंगाचे काम. बटणे, सरकपट्ट्या, गाण्याचे नाव, उलटलेली मिनिटे आणि सेकंद पडद्यावर दाखवणे हे दुसऱ्याचे. ही दोन अंगे एकमेकांपासून सोडवायची आणि दिसणारे अंग वापरणाऱ्याच्या स्वाधीन करायचे, एवढीच ‘स्किन’ या कल्पनेची व्याख्या आहे. प्रोग्रॅम तोच राहतो, त्याच्या कामात तसूभरही फरक पडत नाही. बदलतो तो फक्त अंगरखा.

ही कल्पना कोण्या एका कंपनीची नव्हे. १९९० च्या दशकात मॅकिंटॉशवर ‘कॅलिडोस्कोप’ आणि विंडोजवर ‘विंडोब्लाइंड्स’ ही सॉफ्टवेअर सगळ्याच खिडक्यांच्या चौकटी, बटणे आणि पट्ट्या बदलून देत. परंतु संगणकाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या माणसाने स्वतः स्किन रंगवायला बसावे, हे घडवून आणले ते विनॅम्पने. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव यांनी एप्रिल १९९७ मध्ये विनॅम्पची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. सप्टेंबर १९९८ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत मुख्य खिडकीबरोबरच प्लेलिस्ट आणि इक्वलायझर या खिडक्यांनाही स्किन चढवण्याची सोय झाली. जून १९९९ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने फ्रँकेल यांची नलसॉफ्ट विकत घेतली, तोवर स्किन रंगवणाऱ्यांची एक जमातच जगभर तयार झाली होती. भारतातल्या सायबर कॅफेंमध्ये आणि घरच्या संगणकांवरही त्या काळी गाणी अनेकदा विनॅम्पवरच वाजत.

त्यानंतरच्या काळात स्किनचे आणखी प्रगत प्रकार निघाले. त्यांत स्वातंत्र्य कितीतरी अधिक होते. तरीही लोकांनी सर्वाधिक उत्साहाने रंगवला आणि आजही टिकून राहिला तो विनॅम्प २ चा बांधीव, हट्टी, इकडचे बटण तिकडे करू न देणारा जुना साचाच. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर स्किनची फाईल उघडून आत काय असते ते पाहणे भाग आहे.

डब्बा उघडल्यावर

विनॅम्पच्या स्किनच्या फाईलचे नाव ‘डब्ल्यूएसझेड’ या अक्षरांनी संपते. नाव भारदस्त असले तरी ती साधी झिप फाईल असते. तिचे शेपूट बदलून ‘झिप’ केले की कोणत्याही झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने ती उघडते. आत डझनभर बीएमपी चित्रे, दोन-चार मजकुराच्या फायली आणि हौस असल्यास माऊसच्या बाणाची चित्रे सापडतात. आज्ञावलीची एक ओळही तिथे नसते. चित्रांसाठी विंडोजमधले ‘पेंट’ आणि मजकुरासाठी ‘नोटपॅड’ एवढ्या सामग्रीवर संपूर्ण स्किन तयार होऊ शकते.

सगळ्याचा पाया म्हणजे ‘मेन’ नावाचे चित्र. त्याची रुंदी २७५ पिक्सेल आणि उंची ११६ पिक्सेल. म्हणजे एकूण ३१,९०० ठिपके. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात यापेक्षा शेकडो पट ठिपके असतात. याच तळावर बाकीची चित्रे ठरलेल्या जागी येऊन बसतात. मागच्या गाण्याचे बटण डावीकडून १६ आणि वरून ८८ व्या पिक्सेलवर सुरू होते. त्याला खेटून वाजवणे, क्षणभर थांबवणे, बंद करणे आणि पुढचे गाणे अशी बटणे येतात. या जागा विनॅम्पमध्ये कायमच्या कोरलेल्या आहेत. चित्रकाराने तळावर कितीही सुंदर वळणे काढली, तरी वाजवण्याचे बटण ३९ व्या पिक्सेलवरच उभे राहणार. त्यामुळे जाणकार स्किनकार आधी रिकाम्या तळावर बटणांच्या चौकटी आखून घेतो आणि मग रेखाटन सुरू करतो. उलट क्रमाने गेलेल्याला बहुधा सगळे पुसावे लागते.

पाचही बटणे आणि सीडी बाहेर काढण्याच्या खुणेचे सहावे बटण, अशी सहा बटणे ‘सीबटन्स’ या एकाच चित्रात एका रांगेत काढलेली असतात. चित्र १३६ पिक्सेल रुंद आणि ३६ उंच. वरच्या १८ पिक्सेलमध्ये न दाबलेली बटणे, खालच्या १८ मध्ये तीच बटणे दाबलेल्या अवस्थेत. दाबल्याचा भास निर्माण करण्याची युक्ती जुनी आहे. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे मानून उंचवट्याच्या वरच्या आणि डाव्या कडा उजळ, खालच्या आणि उजव्या कडा गडद काढायच्या. दाबलेल्या बटणात उजळ आणि गडद कडांची अदलाबदल करायची आणि मधली खूण एक पिक्सेल खाली, एक पिक्सेल उजवीकडे सरकवायची. एवढ्याने डोळ्याला बटण आत गेल्यासारखे वाटते. एका ठिपक्याची ही करामत जमली की निम्मी स्किन जमली, असे म्हणायला हरकत नाही.

कालमापकाचे आकडे ‘नंबर्स’ या चित्रात असतात. प्रत्येक आकडा ९ पिक्सेल रुंद आणि १३ उंच. शून्य ते नऊ आणि शेवटी एक कोरी जागा. आकडे इंग्रजीच असले पाहिजेत असे विनॅम्पला कुठे ठाऊक असते? त्या जागी काय रंगवले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तिथे देवनागरी आकडे रंगवले तर गाण्याचा वेळ ‘०३:२७’ असा देवनागरीत धावतो.

आवाजाच्या सरकपट्टीचे चित्र मात्र नवशिक्याला बुचकळ्यात टाकते. ६८ पिक्सेल रुंदीच्या या उंच पट्ट्यात एकाखाली एक अशी २८ चित्रे असतात. आवाज शून्यावर असताना पहिले चित्र दिसते, पूर्ण चढवल्यावर अट्ठाविसावे. मूळ स्किनमध्ये या २८ पायऱ्यांत हिरवा रंग पिवळ्यातून लालाकडे जातो, इतकेच. पण या २८ चौकटी म्हणजे एक छोटा चित्रपटच आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि मग आवाज वाढवताना उजळणारे दिवे, भरत जाणारी नळी, फिरणारी गोल कळ अशा कितीतरी कल्पना त्या पट्टीत साकारल्या गेल्या. गोल कळ ही त्यांतली खास गंमत. विनॅम्पला फक्त आडवी सरकपट्टी माहीत आहे. माऊस आडवाच ओढावा लागतो. तरी प्रत्येक चौकटीत कळ थोडी थोडी वळलेली काढल्याने ती फिरते आहे असे वाटते. पट्टीवर सरकणारी लहानशी कडी या भ्रमाच्या आड येते, म्हणून चित्राचा तळचा भाग, जिथे ती कडी काढलेली असते, कापूनच टाकण्याची शक्कल निघाली. साच्याने परवानगी दिलेली नसते तेही त्याच्याकडून अशा रीतीने करून घेतले गेले.

मजकुराच्या फायली तुलनेने सोप्या. ‘व्हिसकलर’ या फाईलमध्ये २४ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण सांगणारे तीन आकडे. गाण्याबरोबर उसळणाऱ्या उभ्या पट्ट्यांचे रंग त्यातून ठरतात. ‘पीएलएडिट’ या फाईलमध्ये प्लेलिस्टमधील अक्षरांचे आणि पार्श्वभूमीचे रंग लिहिलेले असतात. ‘रीजन’ नावाच्या फाईलमध्ये बिंदूंचे सहनिर्देशक देऊन खिडकीचा आकारच कापता येतो. चौकोनाबाहेर मात्र जाता येत नाही. कागदाला कात्री लावावी तसाच हा प्रकार. कापलेली वक्र कड जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कारण अर्धपारदर्शक ठिपका ही गोष्टच या साच्यात नाही.

प्लेलिस्टची खिडकी लहानमोठी करता येते, म्हणून तिचे रंगकाम वेगळे. तिच्या कडांचे लहान तुकडे काढून द्यायचे आणि विनॅम्प ते लागतील तितके जोडत जातो. साडीच्या काठावर एकच वेलबुट्टी पुनःपुन्हा यावी तसे हे असते. तुकड्याची डावी कड उजव्या कडेशी जुळली नाही, तर प्रत्येक सांध्यावर रेघ दिसते. घाईत केलेली स्किन ओळखायची असेल तर प्लेलिस्ट ताणून पाहावी.

या सगळ्यात एक सवलत फार मोलाची होती. स्किनमध्ये एखादे चित्र नसेल, तर विनॅम्प त्याच्या जागी आपल्या मूळ स्किनमधले चित्र वापरत असे. त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त बटणे रंगवायची, ती वाजवून पाहायची, दुसऱ्या दिवशी आकडे, असे करता येई. चित्रांचे फोल्डर विनॅम्पच्या ‘स्किन्स’ फोल्डरमध्ये ठेवले की झिप करण्याचीही गरज नसे. पेंटमध्ये बदल करून फाईल साठवायची, विनॅम्पवर येऊन एफ-५ ही कळ दाबायची, की नवे रूप समोर. चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनाही आपल्या साधनांत ही सोय नेहमी देता आलेली नाही.

देवनागरीची अडचण

आकड्यांच्या बाबतीत मोकळा असलेला हा साचा अक्षरांच्या बाबतीत मात्र कोता ठरला. चालू गाण्याचे नाव दाखवण्यासाठी ‘टेक्स्ट’ नावाचे चित्र असते. त्यात रोमन अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे प्रत्येकी ५ पिक्सेल रुंद आणि ६ पिक्सेल उंच अशा घरांत बसवलेली असतात. लहान आणि मोठी लिपी असा भेदही तिथे नाही. देवनागरीसाठी या चित्रात जागाच नव्हती आणि असती तरी उपयोग झाला नसता. शिरोरेषा, तिच्यावरची वेलांटी किंवा मात्रा, अक्षराचा देह आणि खालचा उकार एवढा संसार सहा ओळींत मांडता येत नाही. शिवाय जोडाक्षरांची रुंदी सारखी नसते.

मराठी गाण्याचे नाव वाचायचे तर दोनच मार्ग होते. एक तर ते रोमन लिपीत लिहायचे, किंवा पुढे आलेल्या विनॅम्प ५ च्या सेटिंगमध्ये जाऊन स्किनचे अक्षर बंद करायचे आणि विंडोजचा फाँट वापरायला सांगायचे. दुसऱ्या मार्गाने नाव दिसे खरे, पण मेहनतीने रंगवलेल्या खिडकीत ते परके वाटे. याउलट न बदलणारे शब्द, म्हणजे शीर्षपट्टीवरचे नाव किंवा बटणांवरची अक्षरे, ही चित्रेच असल्याने कोणत्याही लिपीत काढता येत. त्यासाठी ना भाषांतराची फाईल लागे, ना कंपनीची परवानगी. मात्र २३ बाय १८ पिक्सेलच्या बटणावर ‘थांबा’ हा शब्द वाचता येईल असा काढणे हे कसबाचे काम होते.

स्वातंत्र्य वाढले, स्किनकार घटले

ऑगस्ट २००२ मध्ये विनॅम्प ३ आले. त्यात बटण कुठेही ठेवता येऊ लागले, खिडकीला कोणताही आकार देता येऊ लागला, अर्धपारदर्शक कडा शक्य झाल्या. त्यासाठी एक्सएमएल भाषेत मांडणी लिहावी लागे आणि हालचाली हव्या असतील तर ‘माकी’ नावाच्या भाषेत आज्ञावली लिहून ती संकलित करावी लागे. कागदोपत्री ही मोठी झेप होती. प्रत्यक्षात चित्रकाराला आता प्रोग्रॅमर व्हावे लागत होते, आणि हे सॉफ्टवेअरही जड आणि संथ असल्याची तक्रार होती. अनेकांनी विनॅम्प २ सोडलेच नाही. अखेर डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने दोन्हींची सांगड घालून विनॅम्प ५ काढले. दोन अधिक तीन बरोबर पाच, असा त्या क्रमांकाचा हिशेब सांगितला गेला. त्यात दोन्ही प्रकारच्या स्किन चालत.

मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये विंडोज मीडिया प्लेअर ७ मध्ये निवडलेली पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तिथेही स्किन म्हणजे झिप केलेला गठ्ठाच होता. आत एक्सएमएलची मांडणी, जेस्क्रिप्टची आज्ञावली आणि चित्रे. पण बटणांचा आकार सांगण्याची तिची रीत चतुर होती. स्किनकार एकाच आकाराची दोन चित्रे द्यायचा. पहिले वापरणाऱ्याला दिसणारे. दुसरे कधीच न दिसणारे, ज्यात प्रत्येक बटणाचा आकार एकेका सपाट रंगाने भरलेला असे. समजा, वाजवण्याचे बटण लाल आणि बंद करण्याचे निळे. माऊस जिथे दाबला गेला, तिथला रंग सॉफ्टवेअर त्या गुप्त चित्रात पाही आणि त्यावरून बटण ओळखी. पानाच्या, माशाच्या, ढगाच्या आकाराची बटणेही त्यामुळे गणिताविना करता येत. अट एकच होती, की या दुसऱ्या चित्रात रंगांच्या कडा मऊ करायच्या नाहीत. लाल आणि निळा यांच्या मधला जांभळट ठिपका कोणत्याच बटणाचा नसे आणि तिथे दाबले तर काहीच घडत नसे.

स्किनमध्ये आज्ञावली आणि वेबपानाचे तुकडे शिरल्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. ऑगस्ट २००४ मध्ये विनॅम्पच्या ५.०४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत असा दोष आढळला, की मुद्दाम घडवलेली स्किन चढवली तर तिच्यातून संगणकावर घातक प्रोग्रॅम चालवता येत होता. कंपनीने ५.०५ ही आवृत्ती काढून तो दोष दूर केला. स्किन म्हणजे नुसती चित्रे होती तेव्हा ती अनोळखी माणसाकडून घेताना फारसा विचार करावा लागत नव्हता. ती प्रोग्रॅम झाल्यावर प्रोग्रॅमचे सगळे धोकेही तिच्यात आले. ब्राउझरांच्या जगातही पुढे याच दिशेने पावले पडली. फायरफॉक्सचे संपूर्ण रूप पालटणाऱ्या जुन्या थीम नोव्हेंबर २०१७ मधल्या ५७ व्या आवृत्तीपासून चालेनाशा झाल्या. उरल्या त्या रंग आणि पार्श्वचित्र बदलणाऱ्या हलक्या थीम.

स्किनवरचे आक्षेप तेव्हाही होते आणि ते निराधार नव्हते. काळ्या तळावर गर्द निळी अक्षरे, नक्षीत हरवलेली बटणे, खुणा पुसून टाकलेल्या कळा अशा स्किन ढिगाने निघाल्या. चित्रातील अक्षरे दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत, आणि संगणकावर अक्षरांचा आकार वाढवला तरी ती वाढत नाहीत. चित्रपट, मोटारी आणि खेळांची छायाचित्रे सर्रास परवानगीविना वापरली गेली, ते वेगळेच. तथापि हा सगळा गोंधळ वापरणाऱ्याने स्वतःच्या घरात मांडलेला होता आणि एका कळीने मूळ रूप परत आणता येत होते. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उजळ की काळोखी पार्श्वभूमी एवढीच निवड उरली आहे. कंपनीने एका सकाळी बटणांच्या जागा बदलल्या, तर तक्रार करण्यापलीकडे वापरणाऱ्याच्या हाती काही नसते.

साचा टिकला तो कसा

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिका ऑनलाइनने विनॅम्प बंद करत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१४ मध्ये ते रेडिओनॉमी या कंपनीकडे गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये विनॅम्पची मूळ आज्ञावली गिटहबवर ठेवली गेली; परंतु तिच्या परवान्यातील जाचक अटींवर टीका झाली आणि महिनाभराच्या आतच ती तिथून काढून घेण्यात आली.

स्किनचे नशीब या घडामोडींवर अवलंबून राहिले नाही, कारण तिचा साचा समजून घ्यायला विनॅम्पची आज्ञावली लागतच नव्हती. लिनक्सवरच्या एक्सएमएमएस या सॉफ्टवेअरने तो फार पूर्वीच आत्मसात केला होता. ऑडेशस हा प्रोग्रॅम आजही त्या स्किन चढवतो. जॉर्डन एल्ड्रेज यांनी २०१४ पासून ब्राउझरमध्ये चालणारा विनॅम्प घडवला; तो आता वेबॅम्प या नावाने ओळखला जातो. त्यांनीच २०२० मध्ये ‘विनॅम्प स्किन म्युझियम’ हे संकेतस्थळ सुरू केले. सुरुवातीलाच त्यात ६५ हजारांहून अधिक स्किन होत्या. अनेक स्किनमध्ये चित्रांबरोबर एक छोटी मजकुराची फाईल सापडते. तिच्यात रंगवणाऱ्याचे नाव, कधी तारीख, कधी ‘आवडली तर कळवा’ अशा अर्थाची एखादी ओळ आणि ई-मेलचा पत्ता. तो पत्ता आज चालतोच असे नाही.

नव्याने हात घालू इच्छिणाऱ्याला आजही फार सामग्री लागत नाही. म्युझियममधून एखादी जुनी स्किन उतरवून घ्यावी, तिचे शेपूट बदलून ‘झिप’ करावे आणि ‘नंबर्स’ हे चित्र पेंटमध्ये उघडावे. ते आठपट मोठे करून पाहिल्यास ९ बाय १३ ची घरे स्पष्ट दिसतात. शून्य आणि एक यांना फारसे कष्ट पडत नाहीत. देवनागरीतला ६ आणि ९ नीट वेगळे दिसावेत म्हणून मात्र दोन-तीनदा पुसावे लागते. चित्राचा आकार न बदलता ते साठवायचे, गठ्ठा पुन्हा झिप करून जुने नाव द्यायचे आणि ती फाईल माऊसने ओढून वेबॅम्पवर सोडायची.